प्राचीन मानवी अवशेष अभ्यासानंतर परत पुरावेत का?

चकमक (धागाकर्ता): १९९१ मध्ये आल्प्सच्या बर्फात सापडलेला, ५,००० वर्षांहून जुना ओत्झी नावाचा गोठलेला मानवी देह आज इटलीत, बोल्झानोच्या संग्रहालयात आहे. तापमान उणे ६ अंश, आर्द्रता जवळपास १०० टक्के. कातडी सुकू नये म्हणून अधूनमधून निर्जंतुक पाणी फवारतात, त्याचा अंगभर बर्फाचा पातळ थर बसतो. एवढी उस्तवार कशाला? तर डाव्या खांद्यात रुतलेलं बाणाचं टोक एक्स-रेत दिसलं ते थेट २००१ साली! आधी थोडंफार तपासून पुरून टाकला असता, तर खून झालाय हे कळलंच नसतं. नवी तंत्रं येतच राहणार. माझं मत: जपा, पुरू नका.

नदीकाठ: असहमत. ओत्झीला कोणी वारस नाही, म्हणून उदाहरण सोयीचं. केनेविक मॅन घ्या. १९९६, अमेरिकेत कोलंबिया नदीकाठी सापडलेला, सुमारे साडेआठ हजार वर्षं जुना सांगाडा. स्थानिक जमाती म्हणाल्या, आमचा पूर्वज आहे, पुरू द्या. काही अभ्यासक कवटीच्या ठेवणीवरून म्हणाले, हा तुमचा नाहीच. प्रकरण कोर्टात गेलं, अभ्यासक जिंकले. २०१५ मध्ये डीएनए तपासला तर जवळचे निघाले अमेरिकी मूलनिवासीच. दफन झालं २०१७ मध्ये.

चकमक: अहो, पण हे सिद्ध कशामुळे झालं? हाडं शिल्लक होती म्हणूनच ना? तुमचंच उदाहरण माझ्या बाजूने बोलतंय.

नदीकाठ: वा! म्हणजे आधी नातं नाकारायचं, मग ते सिद्ध करायला वीस वर्षं घ्यायची, आणि वर श्रेयही तुमचंच? तुलनेसाठी दावा करणाऱ्यांपैकीच एका, कोलविल जमातीच्या लोकांनी स्वतःचे डीएनए नमुने दिले, हे विसरू नका.

हाडवैद्य: दोघेही 'जपणं' आणि 'तपासणं' एकच धरून चाललाय. डीएनएसाठी बरेचदा आतल्या कानाभोवतीचं कवटीचं टणक हाड कोरून भुकटी करतात. कार्बन कालमापनातही (वय ठरवण्याच्या चाचणीत) तुकडा खर्ची पडतो. भुकटीचं परत हाड होत नाही. १९२५ मध्ये इजिप्तचा प्राचीन राजा तुतनखामेन याची ममी राळेने पेटीला चिकटली होती, ती सोडवताना शरीराचे तुकडे केले. ते तपासणीच्याच नावाखाली. आज ममी न उलगडता सीटी स्कॅन होतं. त्यामुळे 'जपा' म्हणायचं तर आज ड्रिल खाली ठेवायचीही तयारी हवी.

चकमक: ड्रिलचं मान्य. पण मधला मार्ग आहे की. ऑस्ट्रेलियातल्या 'मुंगो लेडी' या प्राचीन स्त्रीचे अवशेष १९९२ मध्ये मूलनिवासींना परत दिले आणि तिथेच दोन कुलपांच्या तिजोरीत ठेवले. एक किल्ली त्यांच्याकडे, एक अभ्यासकांकडे. दोघे मिळूनच उघडणार.

नदीकाठ: छान होतं, पण पुढचंही सांगा. २०२२ मध्ये मुंगो लेडी आणि त्याच भागात सापडलेला प्राचीन पुरुष 'मुंगो मॅन' अशा दोघांचंही दफन झालं.

हाडवैद्य: आणि त्या दफनाला काही मूलनिवासींचाच विरोध होता. तेव्हा 'वारसांना विचारा' म्हणताना कोणत्या वारसांना, तेही ठरवा.