हेलडायव्हर्स २ : दोस्तच आम्हाला मारलालाय, ग्रुपमधून काढावं का?

सातरस्ता_९१

नमस्कार मंडळी. प्रश्न गेमचा आहे पण पूर्ण गेमचा पण नाहीये, वाचून तुम्हीच ठरवा.

आम्ही चौघं शाळेपासूनचे. मी इथंच सोलापुरात, एक पुण्यात हिंजवडीला, एक हैदराबादला आणि चौथा रव्या, तो पण इथलाच, पूर्व भागात राहतो, घरचे टॉवेलचे लूम आहेत. पूर्वी जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला तरी चौघं भेटायचो, आता ते पण धड जमेना म्हणून शनिवारी रात्री साडेदहाला हेलडायव्हर्स २ खेळायचं ठरवलं, म्हणजे चौघांनी मिळून ऑनलाइन किडे मारायचा गेम. आम्ही तिघं २०२४ ला गेम आला तेव्हापासून खेळतोय, रव्यानं आत्ता दिवाळीत घेतला. आम्ही ७ नंबरच्या डिफिकल्टीवर असतो, तो पण तिथंच येतो आमच्यासोबत.

तर विषय असाय की हा गडी किड्यांपेक्षा आम्हालाच जास्त मारतो. मुद्दाम नाही, पण मारतो. गेल्या शनिवारचं सांगतो, मिशन पूर्ण, सॅम्पल गोळा करून झालेले, आम्हाला न्यायला येणारं पेलिकन विमान उतरायला पंधरा सेकंद, आम्ही तिघं पॅडवर उभे, रिइन्फोर्समेंट शून्य म्हणजे मेलेल्याला परत बोलवायची संधी संपलेली, आणि ह्यानं ५०० किलोचा बॉम्ब बरोबर पॅडवर टाकला. सगळे गेले, तो स्वतः पण. मिशन पास झालं पण सॅम्पल सगळे मातीत. हैदराबादवाला हेडफोन काढून निघूनच गेला, बाय पण नाही म्हणाला.

दुसरं म्हणजे मधेच हा पुतळ्यासारखा उभा राहतो. हाका मारा, शिव्या घाला, उत्तर नाही. दहा मिनिटांनी परत चालू, जसं काही झालंच नाही. आणि माइकमधून मागं लूमची खटखट, त्यात आमचं आम्हालाच काही ऐकू येत नाही.

हैदराबादवाला म्हणतोय रव्याला काढू आणि एखादा रँडम घेऊ. पुणेवाला म्हणतोय तू सांग, तू तिथं असतोस. मी काय सांगू बे त्याला, रोज चहाला भेटतो तो. फ्रेंडली फायर बंद करायची काही सेटिंग आहे का कुठं?

लॅनकेबल_जिंदाबाद

सेटिंग नाही भावा आणि येईल असं पण वाटत नाही. २०१५ चा पहिला भाग होता वरून दिसणारा, त्यात पण आपलीच गोळी आपल्याला लागायची. मे २०२४ ला पीसीवाल्यांना सोनीचं पीएसएन अकाउंट सक्तीचं करणार म्हटल्यावर लोकांनी स्टीमवर, जिथं पीसीचे गेम विकतात तिथं, निगेटिव्ह रिव्ह्यूंचा असा पाऊस पाडला की काही दिवसांतच सोनीनं निर्णय मागं घेतला, म्हणजे लोकांचं ऐकतात. पण फ्रेंडली फायर पहिल्या दिवसापासून आहे तसंच आहे. ते काढलं तर गेममध्ये उरणार काय, किडे मारायचे तर शंभर गेम आहेत.

आता तुझ्या रव्याचं. मला ९० टक्के खात्री आहे की तो बॉम्ब त्यानं टाकला नाही, त्याच्या हातातून पडला. स्ट्रॅटेजमचा, म्हणजे बॉम्ब किंवा मदत मागवायचा, बाणांचा कोड दाबला की हातात तो गोळा येतो ना, तो हातात असताना किड्यानं पाडलं किंवा मेलास तर गोळा तिथंच पायाशी पडतो आणि जिथं पडला तिथं विमान येऊन बॉम्ब टाकतं. नवीन माणूस काय करतो, किडे अगदी अंगावर आल्यावर घाबरून कोड दाबायला लागतो. दाबेपर्यंत दोन सेकंद गेले, गोळा हातात आला आणि मागून एक धडक. झालं. कोड आधी दाबायचा, लांब असतानाच, आणि फेकल्यावर तिकडं बघत उभं राहायचं नाही.

बरं अजून एक, तो सेंट्री, म्हणजे आपोआप गोळ्या झाडणारी बंदूक, लावतो का? सेंट्रीला आपला परका कळत नाही, मधे आलास तर तुला पण भाजून काढते. सेंट्री फिरायला लागली की सरळ आडवं पडायचं.

माइकला पुश टू टॉक लावून दे, बटण दाबलं तरच आवाज, लूमचा विषय संपला. आणि त्याचं नेट वायफायवर असेल तर केबल लाव. लॉबी, म्हणजे सगळे जमतात तो गेम, ज्याचं नेट चांगलं त्यानं उघडायची, हे मी चार ठिकाणी लिहिलंय, कुणी ऐकत नाही.

शेंगाचटणी_कडक

काढ सरळ. शनिवारची एकच रात्र मिळते आठवड्यात, त्यात सोमवारपासून टार्गेट. मी माझ्या सख्ख्या मेहुण्याला काढलाय ग्रुपमधून, आता तो घरी आला की फक्त भाकरी खातो आणि बोलत नाही. शांतता आहे.

जुना_कॅसेटवाला

मी तुमच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा आहे म्हणून जरा लांबण लावतो, चालवून घ्या.

आमच्या वेळी टीव्हीला जोडायचा गेम असायचा, पिवळी नाहीतर काळी कॅसेट, वर लिहिलेलं ९९९९ इन १ आणि आत खरे गेम दहा-बारा, बाकी तेच ते नाव बदलून. त्यात कॉन्ट्रा. आमच्या गल्लीत एकाच्या घरी होता आणि मे महिन्याच्या सुट्टीत दुपारी बाहेर पाय ठेवता येत नाही असं ऊन, मग पत्र्याच्या खोलीत पंखा लावून पाच पाच पोरं बसायची, दोघं खेळणार तिघं बघणार, मेला की नंबर जाणार. कोड सगळ्यांना पाठ, वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए, की तीस जीव. पाढे येत नव्हते पण हे येत होतं. तुमच्या त्या स्ट्रॅटेजमचे बाण बघितले तेव्हा मला पहिलं तेच आठवलं, मदत बोलवायला वर खाली उजवं डावं वर, मेलेला मित्र परत. तेव्हा असं काही नव्हतं, मेला की मेला.

तर कॉन्ट्रात गोळी एकमेकांना लागत नाही, तरी आम्ही एकमेकांना मारायचो. कसं? तिसऱ्या स्टेजला धबधबा आहे. तिथं उड्या मारत वर वर जायचं असतं आणि स्क्रीन वरच्या माणसासोबत सरकते. जो खाली राहिला तो स्क्रीनच्या बाहेर गेला की मेला, पायाखाली फळी असली तरी. माझा थोरला भाऊ पटापट चढायचा आणि मी खाली, मी ओरडायचो थांब थांब, तो म्हणायचा तू ये की लवकर. तीस जीवातले वीस माझे त्या धबधब्यात जायचे आणि वर मलाच म्हणायचा तुला खेळता येत नाही. मला खेळता येत होतं हो, पहिल्या दोन स्टेजला त्याच्यापेक्षा माझे जीव जास्त शिल्लक असायचे. एस लिहिलेली बंदूक पण तोच घ्यायचा.

तुम्ही ७ वर खेळता आणि तो दिवाळीत आलाय म्हणता. तुमचा धबधबा तोच आहे. ४ वर या की दोन शनिवार, काय बिघडतंय.

हुतात्माची_विंडोसीट

कॅसेटवाले काका, एकदम बरोबर बोललात.

मी आमच्या ग्रुपमधली रव्या होते म्हणून लिहितेय. दोन भाऊ, एक वहिनी आणि मी. मला कुणी काही सांगायचंच नाही, फक्त ओरडायचे. "तिकडं बघ, तिकडं!" तिकडं म्हणजे कुठं? प्रत्येकाचं तिकडं वेगळं असतं हो, मी पुण्यात बसलेय आणि माझा भाऊ सोलापुरात खुर्चीतून बोट दाखवतोय, ते मला कसं दिसणार. मग वहिनीनं नियम काढला, तिकडं-इकडं बंद, वर होकायंत्राची पट्टी आहे त्यातला आकडा बोलायचा, "दोनशे चाळीसवर मोठा किडा", नाहीतर सरळ पिंग मारायचं, म्हणजे बटण दाबून जागेवर खूण करायची. तेवढ्यानं निम्मी भांडणं गेली आमची.

आणि त्याला एक काम द्या. नुसतं "आमच्या मागं मागं ये" म्हटलं की माणूस चुका करतो कारण त्याला काही करून दाखवायचं असतं. ऑटोकॅनन घेता का कुणी? त्याची गोळ्यांची बॅग एकानं पाठीवर घ्यायची आणि तोफ दुसऱ्यानं धरायची, बॅगवाला शेजारी उभा राहून गोळ्या भरून देतो. एकट्यानं भरायला थांबावं लागतं, दोघं असले की धडाधड चालते. फार कुणी करत नाही कारण सतत चिकटून राहावं लागतं. पण तुमच्या केसमध्ये तेच पाहिजे, तो तुम्हाला चिकटून असेल तर बॉम्ब तुमच्यावर टाकायच्या आधी विचार करेल.

बाकी तो पुतळा का होतो, हे त्याला विचारलंत का तुम्ही? रोज चहाला भेटता म्हणे.

शेंगाचटणी_कडक

चिकटून असेल तर दोघं एकदम मरतील एवढंच.

सातरस्ता_९१

मंडळी, कालचा शनिवार झाला, सांगतो.

आधी शुक्रवारी चहाला विचारलं त्याला, मधेच गायब का होतोस बे. तर हसायला लागला. म्हणाला आमच्या भागात चार-पाच दिवसांनी पाणी येतं आणि ते पण रात्रीच, नळ आला की आई खालून हाक मारते, मग हौद, पिंप, वरची टाकी, सगळं होईपर्यंत मोटर धरून बसावं लागतं. मग सांगत का नाहीस? तर म्हणाला तुम्ही आधीच वैतागलेले असता, त्यात अजून पाण्याचं कुठं सांगू. मला काही बोलायलाच सुचलं नाही, बिल मीच दिलं.

बॉम्बचं पण विचारलं. लॅनकेबलवाले बरोबर निघाले, हातातूनच पडतो. त्याला वाटायचं गेमच खराब आहे.

तर काल ४ वर गेलो. हैदराबादवाला तोंड वाकडं करूनच आला. ऑटोकॅनन मी घेतली, बॅग रव्याच्या पाठीवर. पहिले पाच मिनिटं नुसता गोंधळ, मी पळालो की हा मागं राहायचा, हा थांबला की मी पुढं, बैलगाडीला दोन वेगळे बैल जुंपल्यासारखं. मग मीच थांबायला लागलो. आणि नंतर जी लागलीय ना ती तोफ! मी फक्त घोडा दाबून, हा भरतोय, समोर चार्जर, म्हणजे धडक मारणारा मोठा किडा, आला तर होकायंत्राचा आकडा हा सांगतोय, "एकशे दहा, एकशे दहा!" करत. टेन्शन आलं की तेलुगूत जातो तो, मधेच "पारिपो पारिपो" ओरडला आणि आम्ही तिघं पण पळालो, अर्थ शाळेपासून माहीत आहे. मागं वळून बघतो तर आम्ही उभे होतो तिथं पुणेवाल्याचा बॉम्ब. हो, पुणेवाल्याचा. त्याला कुणी काही बोललं नाही हे पण मी नोंद करून ठेवलंय.

मग दुसऱ्या मिशनला, अकरा मिनिटं राहिलेली, पुश टू टॉकचं बटण दाबून रव्या म्हणाला, "नळ आला, आलो," आणि उभा राहिला तिथंच पुतळा होऊन, टेकडीच्या उतारावर.

मी म्हटलं आता काय. तर हैदराबादवालाच म्हणाला, थांबा इथंच. तिघं त्याच्याभोवती तीन बाजूंना तोंड करून उभे राहिलो. एक सेंट्री वरच्या अंगाला लावली, रव्याच्या डोक्यावरून गोळ्या जातील अशी, कारण त्याला आडवं पड म्हणणार कोण. खाली खाली वर उजवं दाबून सप्लाय मागवला, चार डबे आले, तीन आम्ही घेतले, चौथा त्याच्यासाठी ठेवला. किडे येतच होते. हैदराबादवाला दोनदा मेला त्याच्यापायी आणि दोन्ही वेळा हसत होता, कधी नव्हे ते. सॅम्पल राहिले तिकडंच, कुणी गेलं नाही आणायला.

आठ मिनिटांनी खटखट ऐकू आली, म्हणजे बटण दाबलं ह्यानं.

"मेलो का बे मी?"