कोकणातल्या दमट हवेत अकूस्टिक गिटारला तारा कुठल्या लावाव्यात?

पांढरी_पाच

गिटार ड्रेडनॉट (मोठ्या, रुंद पेटीच्या) आकाराची, स्केल म्हणजे तारेची वाजती लांबी २५.५ इंच. सध्या १२-५३ चा (सर्वांत बारीक तार ०.०१२ इंच, सर्वांत जाड ०.०५३) ८०/२० ब्राँझ सेट आहे. मुख्य काम गाण्याला साथ: भावगीतं, जुनी सिनेगीतं, थोडं बोटांनी, थोडं पिकने. घर रत्नागिरीत, खाडीला लागून.

अडचणी दोन. नव्या तारांची खणक फार लवकर जाते, जाड तारा काळपट होतात आणि वरच्या दोन बारीक तारांना गंज धरतो. शिवाय एफ कॉर्ड धरताना डावा हात भरून येतो. दुकानदार १०-४७ लावा म्हणतात, पण आवाज पातळ होईल अशी धास्ती आहे. गेज (तारांची जाडी) कमी करू, धातू बदलू की दोन्ही? आणि कोटेड (वर संरक्षक थर असलेल्या) तारांचे जास्तीचे पैसे वसूल होतात का?

खर्ज

तारा घेण्याआधी नट (मानेच्या टोकाची, तारांच्या खाचा असलेली पट्टी) तपासा. पहिल्या फ्रेटवर (मानेवरच्या पहिल्या आडव्या धातूच्या पट्टीवर) कॅपो म्हणजे सगळ्या तारा दाबणारा चिमटा लावून एफचाच आकार एक घर पुढे धरा. हात एकदम सुटला तर दुखणं तारांचं नाही, नटच्या खाचा उथळ राहिल्यात. खात्री करायची तर तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा आणि पहिल्या फ्रेटवर डोळा लावून बघा. तिथे उजेडाची जेमतेम रेघ दिसायला हवी. टिचकी मारल्यावर तार फ्रेटला लागून बारीक ‘टिक’ वाजली म्हणजे ठीक. व्हिजिटिंग कार्ड सहज सरकत असेल तर नट फारच उंच आहे. स्वस्त गिटारी बऱ्याचदा अशाच येतात. खाच खोल करायला प्रत्येक तारेच्या जाडीची वेगळी कानस लागते, त्यामुळे हे काम कारागिराकडेच द्या. खाच जरा जास्त गेली की मोकळी तार झणझणते आणि नटच नवा बसवावा लागतो.

मग बाराव्या फ्रेटवर तारेची फ्रेटपासूनची उंची, म्हणजे अ‍ॅक्शन, मोजा. सहावी तार २.४ मिमी आणि पहिली १.६ मिमीच्या आसपास असावी. जास्त असेल तर सॅडल (पेटीवरच्या ब्रिजमधली, तारा टेकतात ती पट्टी) खालून घासतात. बाराव्या फ्रेटवर अर्धा मिमी उतरवायला सॅडल एक मिमी घासावं लागतं. पण हे पावसाळ्यात अजिबात करू नका. दमट हवेत वरची फळी फुगते, ब्रिज उचलला जातो आणि अ‍ॅक्शन आपोआप चढते. जुलैत घासलेलं सॅडल जानेवारीत फळी बसली की बझ (तार फ्रेटला लागून झणझण) करायला लागतं, आणि घासलेलं परत येत नाही.

आता गेज. १२-५३ चा सहा तारांचा मिळून ताण सुमारे ७४ किलो. १०-४७ मध्ये तो साठच्याही खाली जातो. ड्रेडनॉटची मोठी फळी हलायला ताण लागतो, म्हणून तुमची धास्ती रास्त आहे. खर्ज पोकळ होतो, आणि पिकने जोर लावला की सैल तार जास्त झुलून फ्रेटवर आपटते. तुमच्यासाठी ११-५२ योग्य. त्यात सहावी तार फक्त एक हजारांश इंचाने बारीक होते, त्यामुळे खर्ज शाबूत राहतो, पहिली ०.०१२ ची ०.०११ आणि दुसरी ०.०१६ ची ०.०१५ झाल्याने बोटांना फरक लगेच कळतो.

खाडीकाठ

धातूबद्दल. ८०/२० म्हणजे ८० टक्के तांबं, २० टक्के जस्त. नवी असताना झगझगीत वाजते, पण घाम आणि खाऱ्या हवेत लवकर मंदावते. फॉस्फर ब्राँझमध्ये साधारण ९२ टक्के तांबं, ८ टक्के कथील आणि किंचित फॉस्फरस असतो. डॅडारिओ कंपनीने १९७४ मध्ये या तारा आणल्या. आवाज गोलसर, मधल्या स्वरांत भरीव. गळ्याच्या साथीला मला हाच बरा वाटतो, कारण ८०/२० ची चमक गाणाऱ्याच्या शब्दांवर चढते.

खाडीजवळ राहत असाल तर कोटेडच घ्या. किंमत दोन-तीन पट, पण तिथल्या हवेत साधे दोन-तीन सेट बदलण्यापेक्षा ती परवडते. एलिक्सर कंपनीच्या तारांत नॅनोवेबचा थर पातळ आहे आणि तो साध्या तारेच्या जवळ वाजतो. पॉलीवेब जाड, गुळगुळीत, आवाज जरा दबका. जोरात पिक चालवलं तर साउंडहोलपाशी थराचे पांढरे धागे सुटतात. दिसायला वाईट, वाजायला फारसा फरक नाही.

मात्र पाकिटावर नीट वाचा: काही सेटमध्ये थर फक्त गुंडाळीच्या चार तारांवर असतो आणि तुमचा गंज तर पहिल्या दोन तारांवर आहे. या दोन साध्या स्टीलच्या तारा सुट्या मिळतात. त्या घेऊन ठेवा आणि गंजल्या की तेवढ्याच बदला.

वाजवून झालं की सुती फडक्याने तारा खालच्या बाजूनेही पुसा, कारण घाम तिथेच साचतो. खोबरेल लावू नका, गुंडाळीच्या फटींत मळ धरतो.

पांढरी_पाच

कॅपो लावल्यावर हात लगेच सुटला, म्हणजे नटच. पण आमचे गायक काळी एकमध्ये (सी शार्प) गातात, त्यामुळे सी चा आकार आणि कॅपो पहिल्या फ्रेटवर, हे बहुतेक वेळा असतंच. मग ११-५२ लागेलच का? आणि लावले तर ट्रस रॉड (मानेचा बाक सांभाळणारी आतली सळई) फिरवावा लागेल?

तारसप्तक

कॅपो कायम असेल तर आणखी एक वाट आहे. १२-५३ च ठेवा, सगळ्या तारा अर्धा स्वर उतरवा आणि कॅपो दुसऱ्या फ्रेटवर लावा. सी चा आकार काळी एकलाच वाजेल. अर्ध्या स्वराने ताण सुमारे ११ टक्के कमी होतो, म्हणजे ७४ चे ६६ किलो; हाताला जवळपास ११ च्या सेटसारखंच लागतं आणि जाड तारेचा भरीवपणा टिकतो. फक्त सोबत हार्मोनियम असेल तर कॅपो न लावता वाजवायच्या चिजांचा हिशेब आधी करून ठेवा.

दोन्ही वाटांनी ताण घटतो, त्यामुळे मान किंचित मागे सरळ होते. तारा लावून एक दिवस जाऊ द्या. मग पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून सहावी तार चौदाव्या फ्रेटवर दाबा आणि सातव्यावर तार आणि फ्रेटमधली फट बघा: ०.१५ ते ०.२५ मिमी हवी. फट अजिबात नसेल आणि पहिल्या तीन-चार फ्रेटवर बझ येत असेल, तरच रॉड घड्याळाच्या उलट दिशेने सैल करा, एका वेळी पाव फेरा, मग सूर लावून पुन्हा बघा. चावी अडली तर जोर लावू नका.

तारा बदलताना एकेक बदला. तारेच्या टोकाची गोळी ब्रिजमधल्या पिनच्या बुडाखाली अडकली तर ताण येताच पिन उसळते. म्हणून तारेचं टोक किंचित वाकवून आत सोडा, पिन दाबत दाबत तार वर ओढा, गोळी लाकडाला टेकल्याचं जाणवेल. जाड तारांना पुढच्या खुंटीपर्यंत, चारेक सेंटीमीटर, जास्तीची लांबी ठेवा म्हणजे दोन-तीन वेढे बसतात. बारीक तारांना थोडी अधिक. वेढे वरून खाली उतरत जावेत. सूर लावताना नटपाशी ‘टिंग’ वाजली तर तार खाचेत अडकतेय. शिसपेन्सिलचं टोक खाचेत फिरवा. शेवटी प्रत्येक तार बाराव्या फ्रेटपाशी हलकेच उचलून ताणा, सूर लावा, असं तीन-चारदा. तार उतरायची थांबेपर्यंत.