लोकरी मावा दिसला की लगेच फवारायचं का?

ऊसमळा, वाळवा
परवा खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसात, पान उलटं केलं तर मधल्या शिरेलगत पांढरा कापूस. लोकरी मावा, उसाचा रस शोषणारी कीड. शेजारच्यांचा पंप चालूच होता, म्हणाले, तुझंही उरकून घे. मी थांबलो, कारण त्याच कापसात बारीक जाळीखाली एक अळी दडली होती आणि तिच्या आजूबाजूला माव्याची नुसती टरफलं. डिफा नावाच्या पतंगाची अळी ती, मावा खाऊनच वाढते.

माझं मत स्पष्ट आहे: ज्या रानात अशी अळी सापडते तिथं औषध मारू नये. फवाऱ्यात मावाही मरतो आणि डिफाही. पण वाचलेल्या माव्याच्या मादीला नर लागत नाही, ती थेट पिल्लंच घालते. डिफाच्या पतंगाला जोडीदार शोधायचा, अंडी घालायची, मग अळी. पुन्हा वाढायला मावा पुढं आणि त्याला खाणारा मागं. आपलाच गडी आपण पाडतो.

निडवा, मिरज
दादा, २००२ साली हा मावा राज्यात पहिल्यांदा आपल्याच सांगली जिल्ह्यात दिसला. तेव्हा मी वडिलांबरोबर रानात होतो. माव्याच्या अंगातला गोड चिकटा खालच्या पानावर गळायचा, त्यावर काजळी चढायची. सरीतून बाहेर आलं की सदरा काळा. काळ्या पानानं ऊस पोसायचा कसा?

मित्रकीटक आले, नाही म्हणत नाही. पण कधी? मावा माजल्यावर. खाणारा नेहमी खाद्याच्या मागून येतो, हाही निसर्गच. मधल्या काळात घटलेलं टनेज कुणी भरून दिलं? सोसायटीचा हप्ता डिफासाठी थांबत नाही. आणि बांधापासून बांधापर्यंत एकाच को ८६०३२ जातीचा ऊस लावायचा, मग निसर्ग सांभाळून घेईल म्हणायचं, हे मला पटत नाही. असं एकसुरी रान निसर्गात असतं कुठं?

बांधावरची, कराड
भाऊ, म्हणूनच जे उरलंय ते तरी राखायला हवं. उसाची मुळं खाणाऱ्या हुमणी अळीचं बघा. पूर्वी बैलाच्या नांगरामागं बगळ्यांची रांग असायची, तासात उघड्या पडलेल्या अळ्या टिपायचे. आता भाड्याचा ट्रॅक्टर रात्री अकराला येतो. त्या वेळी बगळा कुठला? नांगरट दिवसा केली तर हे काम फुकटात होतं. आम्ही यंदा ट्रॅक्टरवाल्याला अडून दिवसाच बोलावलं.

निडवा, मिरज
ताई, पण वळीव पडल्यावर कडुनिंबावरचे हुमणीचे भुंगेरे तुम्हीही फांद्या हलवून रॉकेलच्या पाण्यात टाकत असणारच. नुसत्या बगळ्यांवर सोडत नाही ना? माझं तेवढंच म्हणणं आहे.

बांधावरची, कराड
टाकतो की. पण त्यात भुंगेराच मरतो, बगळा नाही.

ऊसमळा, वाळवा
ताईंनी नेमकं सांगितलं. निडवा दादा, खाणारा मागून येतो हे तुमचं मला मान्य आहे, २००२ चं नुकसानही खरं. पण मागून येणाऱ्याला आपण पुढं नेऊ शकतो. डिफाच्या अळ्या असलेली पानं कापायची आणि मावा असेल तिथं उसाच्या पानांना टाचायची. शिफारस हेक्टरी १००० अळ्यांची आहे. मायक्रोमस हा मावा खाणारा दुसरा मित्रकीटक असेल तर २५००.

शिवाय सात-आठ महिन्यांच्या उभ्या उसात पंप घेऊन शिरणार कोण? मावा पानाच्या खाली आणि औषध वरच्या अंगाला. शेजाऱ्यांचं काल तेच झालं, कडेच्या चार सऱ्या भिजल्या, आतला कापूस तसाच.

एक मात्र कबूल. सगळा प्लॉट उलटापालटा करूनही एकही अळी दिसली नाही आणि मावा पसरत चालला, तर तेवढ्या ठिकाणापुरतं औषध मीही मारीन. सरसकट नाही.

उद्या सकाळी पूर्वेकडच्या दहा सऱ्या बघणार आहे. दादा, तुमच्या रानात अळी नसेल तर पानं न्यायला या. ओल्या बारदानात गुंडाळून देतो, ऊन चढायच्या आत टाचा.