इंडी ५०० बघितलीये का? अनुभव लिहा

मे महिना संपत आला की मला अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या या ५०० मैलांच्या कार रेसचे वेध लागतात. वर्षभर रेसिंग फॉलो करत नाही, टायरची गणितं कळत नाहीत, पण मेमोरियल डेच्या (तिथली मे अखेरची सुट्टी) वीकेंडची ही रेस सोडत नाही. तुम्ही स्टँडमधून बघितली असो की टीव्हीवर, लिहा, जाणकार असायलाच हवं असं काही नाही.

माझ्यासाठी सगळ्यात भारी म्हणजे स्टार्ट. ३३ गाड्या, तीन-तीनच्या ११ रांगा, आणि त्या उभ्या जागेवरून सुटत नाहीत, पुढे वेग सांभाळत चालणाऱ्या पेस कारच्या मागे फिरत येतात नि हिरवा झेंडा दिसला की सुसाट. मी टर्न १ म्हणजे पहिल्या वळणाजवळ होतो. लांबून नुसता रंगीत घोळका दिसतो, मग आवाज छातीत घुसतो, मान वळवेपर्यंत सगळे पार, आणि कुंपणाशी कागदाचे कपटे गरगरत राहतात!

---

स्टार्टला +१. पण पहिल्यांदा जाणाऱ्यांनो, ट्रॅक अडीच मैलांचा आहे, एका सीटवरून सगळा दिसत नाही, त्यामुळे समोर मोठी स्क्रीन असेल अशी जागा बघा. आणि रेडिओ स्कॅनर भाड्याने घ्याच, ड्रायव्हर आणि टीमचं बोलणं थेट कानात येतं, मग अनोळखी गाडीसुद्धा आपली वाटायला लागते. आमच्या लेकीने असाच एक ड्रायव्हर निवडला आणि २०० लॅप्स (फेऱ्या) त्याच्यासाठी ओरडली. लहान मुलांना कानांवर आवाज अडवणारे हेडफोन हवेतच.

---

मी टीव्हीवाली. २०२१ ला ब्राझीलचा ड्रायव्हर कॅस्ट्रोनेव्हेस ४६ व्या वर्षी चौथ्यांदा जिंकला, गाडीतून उतरून थेट कुंपणावर चढला, तेव्हा मी घरात एकटीच टाळ्या वाजवत होते. त्याच्याबद्दल आधी काही माहीत नव्हतं तरी डोळे भरून आले.

---

२०२४ ला आम्ही तिथेच होतो. पावसाने चारेक तास लेट. आजूबाजूचे लोक रेनकोट घालून मजेत गप्पा मारत बसलेले, जुन्या रेसेसचे किस्से सांगत होते, उठून जायचं नावच नाही, त्यामुळे आम्हीही थांबलो. आणि शेवटचा लॅप! ओ'वॉर्ड नावाचा ड्रायव्हर न्यूगार्डनच्या पुढे गेला, अख्खा स्टँड उभा, आणि टर्न ३ ला न्यूगार्डनने त्याला परत गाठून मागे टाकलं. शेजारचे अनोळखी आजोबा माझा खांदा गदागदा हलवत होते. जिंकल्यावर न्यूगार्डन सरळ प्रेक्षकांत घुसला, ते तर बघायलाच हवं होतं तुम्ही.

---

दुधाबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? जिंकणारा दूध पितो ते लुई मेयर या ड्रायव्हरपासून, तो १९३६ ला जिंकल्यावर ताक प्यायला होता. आता कुठलं दूध हवं ते ड्रायव्हर्सना आधीच विचारून ठेवतात. मी तेवढ्यासाठी शेवटपर्यंत थांबते.

---

पुढच्या मे मध्ये जायचा विचार आहे. टर्न १ जवळ किती वरची रांग घेऊ?

---

जितकी वर मिळेल तितकी. खाली कुंपणाच्या जाळीतून फक्त रंगांचे फराटे दिसतात.