मदत हवी आहे : सराफ्यातली चोरी, पाच तोळ्यांची पाटली आणि अडलेला शेवट

नमस्कार मंडळी,

मी इंदूरची. वर्षभर एक थरारकथा लिहितेय आणि शेवटाशी येऊन अडले आहे. सोनारकाम जवळून पाहिलेलं इथे कुणी असेल तर फार मोठी मदत होईल.

1984 च्या दंगलीत राजवाडा जळला. माझ्या कथेतला सराफ त्याच गोंधळात एका कारागिराला सांगतो, 'तुझी गहाण पाटली आगीत गेली रे.' कारागिराला ठाऊक आहे, सोनं जळत नाही. 1064 अंशांना वितळतं आणि राखेत गोळा होऊन बसतं. पण हातात चिठ्ठी नाही, त्यामुळे तोंड उघडता येत नाही. तो झुरून जातो. आता त्याची नात ते सोनं परत मिळवायला निघाली आहे.

दुकान फोडावं, तर आमचा सराफा झोपतो कुठे? पेढ्या बंद झाल्या की त्यांच्याच ओट्यांसमोर भुट्ट्याचा कीस, थंडीत गराडू. रात्री दोनपर्यंत पाय ठेवायला जागा नसते. ती गर्दीच पेढ्यांची राखण करते. म्हणून नात तिजोरीच्या वाटेला जातच नाही. तिचा मामेभाऊ त्याच सराफाच्या कारखान्यात कानस धरून बसतो आणि रोज एक गुंज सोनं चुऱ्यात पाडतो. पहाटे झारेकरी, म्हणजे सोनारांच्या धुळीतून सोन्याचे कण काढणारा, येतो, उंबऱ्यापुढची धूळ झाडून नेतो. झारेकरी त्यांचाच माणूस. 96 गुंजांचा तोळा, म्हणजे पाच तोळ्यांना 480 दिवस. प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर फक्त उरलेल्या गुंजा लिहिल्या आहेत. हा संथपणा मला फार प्रिय आहे, तो सोडायचा नाही.

अडचण एक, कारखान्यात संध्याकाळी चुरा तोलून घेतात ना? घट किती धरतात? गुंज म्हणजे साधारण 0.12 ग्रॅम. एवढं रोज कमी पडलं तर मालकाच्या लक्षात येईल का?

दुसरी जास्त छळते. 480 व्या दिवशी वजन पुरं होतं, आणि नातीची आई विचारते, 'सोनं आलं गं, पण बाबांची पाटली कुठाय?' ती अजून तिजोरीतच आहे. हे वाक्य लिहिल्यापासून माझी लेखणी थांबली आहे. पाटली बाहेर यायलाच हवी असं मला वाटतं, आणि ती मामेभावाने ओळखायला हवी. इतक्या वर्षांनी कारागीर आपल्या घराण्याचा हात ओळखतो का? कशावरून, डाग देऊन सांधलेल्या जागेवरून की नक्षीवरून?

ज्यांच्या घरी शेगडी-फुंकणी होती, त्यांनी कृपया सविस्तर लिहा.