घरी गाडी रंगवताना स्प्रे गनची जुळणी कशी करावी?

प्रश्न (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

नमस्कार. माझ्याकडे २००४ सालची मारुती ८०० आहे. टपावरचा आणि बॉनेटवरचा रंग पार उडाला असून, रंगकामाचे गॅरेज गावापासून दूर असल्याने गोठ्याशेजारच्या टिनाच्या शेडमध्ये मी स्वतःच ती रंगवायला घेतली आहे. वर कप असलेली, १.४ मिलिमीटर नोझलची एचव्हीएलपी (कमी दाबाने भरपूर हवा सोडणारी) गन घेतली. कॉम्प्रेसर मात्र ट्रॅक्टरच्या चाकांत हवा भरण्याचा, एक अश्वशक्तीचा आणि ५० लिटर टाकीचाच आहे. परवा एक दरवाजा मारून पाहिला, तर वरच्या भागाला संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा आला, खाली ओघळ उतरले आणि शेवटच्या हाताला गन थेंब थुंकू लागली. गनच्या तीन नॉबपैकी आधी कोणता आणि किती फिरवावा, हे कृपया सांगावे.

उत्तर १ (पुसद, रंगकामाचा व्यवसाय)

भाऊ, आपला पहिला अडथळा नॉब नसून हवा आहे. एचव्हीएलपी गनला दाब कमी लागतो, पण हवा भरपूर लागते, आणि एवढ्या लहान कॉम्प्रेसरला ती सलग पुरवता येत नाही. म्हणून एका वेळी एकच भाग रंगवावा आणि टाकी पुन्हा भरेपर्यंत थांबावे. दाब गनच्या मुठीशी लावलेल्या मीटरवर, ट्रिगर पूर्ण दाबलेला असताना पाहावा. तो २ बार, म्हणजे साधारण ३० पीएसआय असावा. ट्रिगर सोडून पाहिलेला आकडा फसवा असतो.

त्यानंतर पंख्याचा, म्हणजे फवाऱ्याची रुंदी ठरवणारा, नॉब पूर्ण उघडावा, रंगाचा नॉब बंद करून अडीच ते तीन फेरे सोडावा आणि गाडीला हात न लावता भिंतीला टेकवलेल्या पुठ्ठ्यावर १५ ते २० सेंटिमीटर अंतरावरून क्षणभर मारून पाहावे. लांबट, सारखा ठसा उमटला पाहिजे. टोकांना दाट आणि मध्ये विरळ ठसा आल्यास हवा जास्त आहे किंवा रंग फार पातळ झाला आहे; मध्येच दाट आल्यास याच्या उलट समजावे.

आता खरी परीक्षा. एअर कॅप, म्हणजे गनच्या तोंडावरची हवेची टोपी, पाव फेरा फिरवून पंखा आडवा करावा आणि ओघळ सुटेपर्यंत ट्रिगर धरावा. सगळे ओघळ सारख्या लांबीचे हवेत. एका बाजूचे लांब आल्यास कॅप अर्धा फेरा फिरवून पुन्हा पाहावे. दोष दुसऱ्या बाजूला गेला तर कॅपचे छिद्र बुजले आहे. जागचा हलला नाही तर नोझल किंवा सुई तपासावी. छिद्र तारेने कधीही कोरू नये, थिनरमध्ये भिजवून मऊ ब्रशने साफ करावे.

दरवाजाच्या खालच्या भागावरचे ओघळ बहुधा हाताचे आहेत. आपण वाकतो तेव्हा गन पत्र्याच्या जवळ येते आणि हात मंदावतो, त्यामुळे तिथे उकिडवे बसूनच मारावे. प्रत्येक हात आधीच्या हातावर निम्मा चढला पाहिजे.

उत्तर २ (हिंगणघाट)

थेंब थुंकण्यामागे पाणीही असू शकते. दाबलेली हवा गरम असते आणि थंड होताना पाणी सोडते, म्हणून टाकीचा खालचा कॉक रोज उघडावा आणि पाणी अडवणारा फिल्टर कॉम्प्रेसरला चिकटून न लावता पाच-सहा मीटर पाइपनंतर लावावा. सध्या कापसाची वेचणी सुरू आहे. शेडमध्ये कापूस साठवला असेल तर त्याचे तंतू ओल्या रंगावर हमखास बसतात. आधी जमिनीवर पाणी शिंपडावे.

उत्तर ३ (मोर्शी)

रंगात हार्डनर (रंग कडक करणारे द्रावण) मिसळायचा असल्यास कृपया थांबावे. त्यातील आयसोसायनेटमुळे कायमचा दमा जडू शकतो आणि रुमाल किंवा धुळीचा मास्क त्याला अडवत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क नसेल तर हे काम घरी करू नये. साधा एनसी (नायट्रोसेल्युलोज, हार्डनर न लागणारा) रंग असला तरी त्याची वाफ पेट घेते. चूल विझवावी, कॉम्प्रेसर शेडबाहेर ठेवावा आणि गुरे दूर बांधावीत.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. माझा रंग एनसीच आहे, तरी गुरे आजच आंब्याखाली बांधली. पुठ्ठ्यावर डावीकडचे ओघळ दुप्पट लांब आले. कॅप फिरवताच ते उजवीकडे गेले. कॅपच्या पुढे आलेल्या एका शिंगाच्या छिद्रात वाळलेला रंग अडकला होता. तो काढल्यावर ओघळ सारखे आले. दरवाजा वॉटर पेपरने घासून ठेवला आहे. आधी तोच पुन्हा मारतो, मग बॉनेट.