बेन अँड बेन : मोठे झाले की हातचे गेले?

सुरमाडी (धागाकर्ता)
या बँडबद्दल इथे तुरळक बोलणं झालंय पण धड भांडण कधी झालं नाही, ते आज करू. माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात: फिलिपिन्समधले पाओलो आणि मिगेल गिको हे जुळे भाऊ, दोघांच्याही नावात बेंजामिन, म्हणून आधी 'द बेंजामिन्स' आणि मग बेन अँड बेन. दोघांचे वाढत वाढत नऊ झाले, त्यात व्हायोलिन आहे आणि पर्कशनला (ड्रम्सशिवायची तालवाद्यं) चक्क दोन माणसं. २०१९ ला पहिला अल्बम 'लिमासावा स्ट्रीट', २०२१ ला 'पेबल हाउस', २०२४ ला 'द ट्रॅव्हलर अक्रॉस डायमेन्शन्स'.

माझं म्हणणं सरळ आहे. पहिल्या अल्बमनंतर हा बँड इंडीही (स्वतंत्र बाण्याचा) राहिला नाही आणि फोकही (लोकगीताच्या वळणाचा). 'काथांग इसिप' ऐका, सुरुवातीला गिटार आणि त्यावर आवाज, दुसरा भाऊ येतो तेव्हा कोण कुठे संपला ते कळत नाही, आणि मग गाणं हळूहळू भरत जातं, घाई नाही कसली. आता तिसरा अल्बम लावा, काल्पनिक प्रवासी काय, मिती काय, सगळं मोठ्या स्टेजच्या मापाने शिवलेलं. वाईट नाहीये, पण असा आवाज करणारे बँड जगात पोत्याने आहेत.

टकाटक_तबला
असहमत. साफ असहमत.
आधी इंडी म्हणजे काय ते ठरवा. तुमचा लाडका 'लिमासावा स्ट्रीट' सोनी म्युझिक फिलिपिन्सनेच काढलाय. आणि 'मेबी द नाइट' लोकांपर्यंत गेलं ते २०१८ च्या 'एक्सेस बॅगेज' या पिक्चरमुळे, त्याच वर्षी 'गोयो' हा फिलिपिनो जनरल ग्रेगोरियो देल पिलारवरचा ऐतिहासिक पिक्चर आला त्यालाही यांचं 'सुसी' होतं. म्हणजे पहिला अल्बम यायच्या आधीच दोन पिक्चर खिशात. मग मोठे झाले नंतर आणि बिघडले नंतर हे कुठून आलं?

सुरमाडी
कंपनी कुठली याच्याशी मला घेणंदेणं नाही, पिक्चरला गाणं दिलं तरी हरकत नाही. मी ऐकू येणाऱ्या गोष्टीबद्दल बोलतोय. आता गाण्यात श्वास घ्यायला जागा ठेवत नाहीत, दुसऱ्या मिनिटाला सगळे नऊ जण तुटून पडलेले असतात. शिवाय इंग्रजी वाढलंय, बाहेरच्या मार्केटसाठीच ना ते?

टकाटक_तबला
इंग्रजी वाढलंय??? अहो 'राइड होम' इंग्रजी, 'लीव्ह्ज' इंग्रजी, 'मेबी द नाइट' इंग्रजी, सगळी पहिल्या अल्बमच्या आधीची किंवा त्याच काळातली. मनिलातला शिकलेला पोरगा एका वाक्यात इंग्रजी आणि टागालोग (तिथली मुख्य भाषा) दोन्ही बोलतो, तो गाणी दोन्हीत लिहिणार नाही तर काय.

दवाओची_डॉक्टर
मी फिलिपिन्समधल्या दवाओ शहरात मेडिकल केलंय, तिथे आपल्याकडची पोरं खूप असतात. दवाओत रोजची भाषा बिसाया, टागालोग तिथल्या लोकांनाही शाळेतून आणि टीव्हीतून येते, तरीही आमच्या गल्लीतल्या खानावळीत व्हिडिओके (पडद्यावर शब्द बघून गायचं, कराओके) मशीन होतं, पाच पेसोचं नाणं टाकायचं की एक गाणं, आणि संध्याकाळी तिथे 'आराव-आराव' लागलं की ट्रायसिकलवाला (तिथला रिक्षावाला), भांडी घासणारी आते, आमच्या बॅचची पोरं, सगळी एका सुरात (म्हणजे सुरात नाही, पण एकत्र). मशीन शेवटी मार्क देतं, बेसूर गाणाऱ्यालाही नव्वदच्या वर. तर सांगायचं काय, धागाकर्त्यांना जी जागा हवीय ना गाण्यात, ती तिथे लोक स्वतःच्या आवाजाने भरतात. मोठी होणारी चाल, पुन्हा पुन्हा येणारा मुखडा, हे हेडफोनवाल्या माणसासाठी नाहीच मुळी.
अवांतर: आते म्हणजे ताई, कुणी विचारायच्या आत सांगून ठेवते.

जुना_रसिक
मुळात याला फोक म्हणायचं का इथपासून माझी शंका आहे. फिलिपिन्समध्ये फोक म्हटलं की फ्रेडी अगिलार, ज्याचं 'आनाक' १९७८ ला गाजलं आणि किती भाषांत गेलं त्याची गणती नाही, हुकूमशहा मार्कोसविरोधी मोर्चात 'बायान को' (माझा देश) हे गाणं म्हणणारा तोच. आणि 'आसिन' हा बँड. त्यांचं पर्यावरणावरचं गाणं आहे, नद्या आणि हवा नासली त्याबद्दल, आणि दक्षिण फिलिपिन्समधल्या कोटाबाटोच्या यादवीवर एक आहे, स्वतःच्या मुलखातली रक्तपाताची गोष्ट गिटारवर सांगितलीय. त्यांच्यापुढे ही मंडळी? तू गेलीस, मी राहिलो, पाऊस आला. गोड आहे हो, पण गोडच आहे.

टकाटक_तबला
रसिककाका, 'पेबल हाउस' पूर्ण ऐकलात का? त्यात 'कापांग्यारिहान' आहे, एसबी १९ बरोबर केलेलं, सत्ता आणि ती वापरून माणसं चिरडणाऱ्यांवर. एसबी १९ म्हणजे तिथला सगळ्यात गाजलेला पोरांचा गाणारा-नाचणारा पॉप ग्रुप, त्यांना घेऊन असलं गाणं करायचं म्हणजे लाखो शाळकरी पोरींच्या कानात ते जाणार हे माहीत असूनच केलंय. आणि २०२२ च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत उघडपणे उमेदवार लेनी रोब्रेदोंच्या सभेत जाऊन गायले. त्या हरल्या, त्याच मार्कोसचे चिरंजीव मार्कोस ज्युनियर आले. जिंकणाऱ्याच्या मांडवात गाणारे कमी नसतात, हे हरणाऱ्या बाजूला उभे होते. अजून काय पुरावा पाहिजे?

जुना_रसिक
एका अल्बममधलं एक गाणं आणि एक सभा. आसिनची अख्खी कारकीर्द त्यात गेली. तुलना तुम्हीच करा.

अल_बर्शा_कट्टा
माझ्या ऑफिसात अर्धी टीम फिलिपिनो आहे, दुबईत बहुतेक सगळीकडेच तसं. इथल्या पोरींना आसिन माहितीय पण ते आई-बाबांचं म्हणून, बेन अँड बेन स्वतःचं म्हणून. घर सोडून राहिलेल्या माणसाला राजकीय गाणं दर सुट्टीला नको असतं राव, 'सा सुसुनोद ना हाबांग बुहाय' लावून रडून घेतात आणि दुसऱ्या दिवशी ड्युटीवर. यांच्या परदेश दौऱ्यांना गर्दी करणारं पब्लिक हेच.
आणि एक मुद्दा राहून गेला. तिथे १९८७ पासून सरकारी आदेश आहे की रेडिओ स्टेशनने दर तासाला किमान चार फिलिपिनो गाणी वाजवायचीच. पाळतात किती ते सोडा, पण नियम आहे. आपल्या मुंबईत एफएमवर मराठी गाण्यासाठी किती वर्षं बोंबलतोय आपण.

रिकामटेकडा
झालं, आलीच मुंबई. 🙏 विषयावर या.

सुरमाडी
विषयावर येतो. ज्यांना खरंच शांत, लिहिलेलं गाणं हवंय त्यांनी मुनिमुनी हा बँड ऐका. तेही फिलिपिनो, तेही इंडी फोक, २०१९ चा 'कुलायान नातिन' अल्बम. बासरी आहे त्यात, आणि ती सजावटीला नाही, गाण्यातलं एक पात्र असल्यासारखी बोलते. बेन अँड बेनला जे होता आलं असतं ते मुनिमुनी आहे.

टकाटक_तबला
मुनिमुनी मलाही आवडतो. पण 'पेबल हाउस'मध्ये 'सुगात' कुणाबरोबर आहे? मुनिमुनीबरोबरच. त्याच अल्बमात पारोक्या नी एडगर या रॉक बँडचा चितो मिरांडा आहे, शिवाय गायकांपैकी झिल्ड आहे, हुआन कार्लोस आहे, केझी तांदिंगान आहे. लॉकडाऊनमध्ये नऊ जण एका घरात राहिले, तिथेच हा अल्बम घडला, त्या घरावरूनच नाव. स्वतःचं चाललेलं असताना दार उघडून इतरांना आत घेणारा बँड तुम्हाला बिघडलेला वाटतो?

सुरमाडी
पाहुणे इतके की यजमान शोधावा लागतो. गाणं चांगलं, 'सुगात' तर फारच, पण मी त्यात मुनिमुनी ऐकतो.

सतार_विकली_बास_घेतला
मी लग्नाच्या बँडमध्ये बास वाजवलाय काही वर्षं त्यामुळे एक वेगळं सांगतो जे कुणीच बोललं नाही. नऊ माणसं म्हणजे काय कळतंय का? पबच्या स्टेजवर नऊ जण उभेच राहत नाहीत, ड्रमर ठेवला की व्हायोलिनवाल्याची कोपर कीबोर्डवाल्याच्या कानात. नऊ मायक्रोफोन, नऊ मॉनिटर, साउंडचेकला दोन तास, गाडी दोन, आणि मिळालेल्या पाकिटाचे नऊ वाटे, त्यात टेक्निशियन आणि मॅनेजर वेगळे. असलं बिऱ्हाड घेऊन छोटं राहता येत नाही. एक तर माणसं कमी करा नाही तर स्टेज मोठं करा. यांनी माणसं ठेवली. आणि स्टेज मोठं झालं की चालही मोठी होते, मागच्या रांगेपर्यंत बोटांनी छेडलेली गिटार पोचत नाही. म्हणून मला ते बिघडले वगैरे वाटत नाही, हिशोब आहे साधा. सुरमाडींना जो आवाज हवाय तो तीन माणसांचा आवाज आहे.

सुरमाडी
हा मुद्दा आवडला. पण मग अल्बममध्येही नऊ जणांनी एकदम वाजवलंच पाहिजे असं कुठे आहे? स्टुडिओत मागची रांग नसते.

सतार_विकली_बास_घेतला
असतं ना. एका गाण्यात गप्प बसायला सांगितलं की दुसऱ्या दिवशी ग्रुपवर रुसवा. 😂

दवाओची_डॉक्टर
नऊपैकी तिघी बाया आहेत, ड्रम्स, बास आणि कीबोर्ड तिन्ही त्यांच्याकडे, हे कुणाच्या लक्षात आलंय का? गाणारी पुढे आणि वाजवणारे पुरुष मागे हे तिथे उलटं आहे. पहिला अल्बम असो की तिसरा, खालचा सगळा पाया बायकांच्या हातात. तुमच्या श्वास आणि जागेच्या चर्चेत ड्रमर जॅम व्हियानुएवाचं नावही नाही. काकांच्या काळातल्या यादीत किती बायका ड्रम्सवर होत्या?

जुना_रसिक
आसिनची मुख्य गायिका लोलिता कार्बोन. गायिका, मान्य. ड्रम्सवर नव्हती, मान्य.

रिकामटेकडा
मी यातलं एकही गाणं ऐकलेलं नाही. कुठून सुरू करू?

सुरमाडी
'काथांग इसिप', मग 'पागतिंगिन', आणि तिथेच थांबा.

टकाटक_तबला
अजिबात थांबू नका. 'आराव-आराव', मग 'लुनोद', मग 'कापांग्यारिहान', मग तिसरा अल्बम सलग, शफल न करता.

अल_बर्शा_कट्टा
आमच्या टीममधल्या एका इलोइलोच्या पोरीला धागा मोठ्याने भाषांतर करत वाचून दाखवला. ती म्हणे तिसरा अल्बम तिलाही जड जातो, पण मुनिमुनी लावलं की तिला झोप येते.

सुरमाडी
झोप येणं ही तक्रार कधीपासून झाली?